नाकारलेले आराखडे जपायला हवेत

परभणीहून पूर्णेकडे निघालं की वाटेत पिंगळीचं स्टेशन लागतं. काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर. जून उजाडला की गावात बोलायला एकच विषय उरतो, पाऊस. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, हे त्यात जवळपास दरवर्षी सांगावं लागतं. सल्ल्यामागे हवामान खात्याचा अंदाज असतो आणि अंदाजामागे, इतर पुष्कळ नोंदींसोबत, ३६ हजार किलोमीटर उंचीवरून भारताकडे टक लावून बसलेल्या इन्सॅट उपग्रहांची चित्रं असतात.

या उपग्रहांची छायाचित्रं नीट पाहिली तर एक गोष्ट खटकते. बहुतेक दळणवळण उपग्रहांना दोन्ही अंगांना सौर पंख असतात. हवामानाच्या इन्सॅटला मात्र एकाच अंगाला पंख, दुसरं अंग मोकळं. ही रचना कोणाच्या हौसेतून आलेली नाही. पिंगळीवर मध्यरात्री किती उंचीचे ढग जमले आहेत हे कळावं, म्हणून ते अंग मोकळं ठेवलेलं आहे. त्या मोकळ्या जागेसाठी देशाने एकदा अख्खा उपग्रह गमावला आहे. अवकाशयानाचा पहिला आराखडा कागदावर मांडताना कोणते पर्याय समोर होते, कोणता घेतला, कोणता सोडला आणि का, या गोष्टीला सार्वजनिक चर्चेत जागा का असावी, हे सांगायला इन्सॅटइतकं चांगलं उदाहरण नाही.

सत्तरच्या दशकात इन्सॅटची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा टेबलाभोवती चार गिऱ्हाइकं होती. अवकाश विभाग, टपाल आणि तार खातं, हवामान खातं, आणि आकाशवाणी-दूरदर्शन. तारखात्याला टेलिफोनच्या वाहिन्या हव्या होत्या, दूरदर्शनला खेड्यापाड्यांतल्या लहान अँटेनांपर्यंत पोचेल असं जोरकस प्रक्षेपण, हवामान खात्याला ढगांची चित्रं. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे इन्सॅट-१ च्या अवकाशातल्या भागाचे प्रकल्प संचालक होते. उपग्रह बांधायचं कंत्राट अमेरिकेच्या फोर्ड एरोस्पेसकडे गेलं. तिन्ही कामं एकाच यानात बसवायची, असं ठरलं. त्या काळात भूस्थिर कक्षेतून हवामान पाहणारे अमेरिकेचे, युरोपचे आणि जपानचे उपग्रह फक्त हवामानच पाहत होते. रोजच्या सेवेसाठीच्या एकाच यानात हे तिन्ही संसार जगात कोणी मांडले नव्हते.

पहिलाच पेच पडला तो यान स्थिर कसं ठेवायचं याचा. तेव्हाचे हवामान उपग्रह पिंपासारखे होते आणि स्वतःभोवती गरगरत असत. फिरण्यामुळे ते आपोआप स्थिर राहत आणि प्रत्येक फेरीत कॅमेऱ्याची नजरही आयतीच पृथ्वीवरून सरकत जाई. साधी, भरवशाची रीत. पण भूस्थिर कक्षेतून पृथ्वीचा थाळा जेमतेम साडेसतरा अंशांचा दिसतो. ३६० अंशांच्या फेरीत बाकीचा सगळा वेळ कॅमेरा रिकाम्या आकाशाकडे बघत फिरतो. शिवाय पिंपावर चिकटवलेल्या सौर घटांपैकी कोणत्याही क्षणी निम्मे अंधारात, आणि उजेडातल्यांपैकीही बरेच तिरपे. दूरदर्शनला लागणारी वीज अशा पिंपातून निघणं कठीण होतं. म्हणून तीन अक्षांवर स्थिर राहणारं, न गरगरणारं यान निवडलं गेलं. त्याचे पंख दिवसभर सूर्याकडे वळत राहतात.

हा निर्णय विजेने करवून घेतला आणि त्याची किंमत हवामानाच्या कॅमेऱ्याच्या वाट्याला आली.

रात्रीचे ढग साध्या प्रकाशात दिसत नाहीत, ते त्यांच्या उष्णतेवरून ओळखावे लागतात. उंच ढगाचा माथा थंड असतो, खालच्या ढगाचा तुलनेने गरम. ही अवरक्त किरणं टिपणारा शोधक स्वतःच गरम असेल तर त्याला बाहेरचं काही दिसत नाही. त्याला उणे दीडशे अंश सेल्सियसच्याही खाली ठेवावं लागतं. यंत्राने थंड करायचं तर वीज, कंप आणि बिघाडाची भीती आली. म्हणून न हलणारा शीतक निवडला. कॅमेऱ्याचं एक तोंड अवकाशाच्या काळोखाकडे उघडं ठेवायचं आणि उष्णता तिकडे निसटू द्यायची. हे तोंड यानाच्या उत्तरेच्या अंगाला येतं, आणि नेमक्या त्याच अंगाला एरवी सौर पंख असतो. उन्हात तापलेला पंख समोर पसरला की शीतक थंड होणार नाही. मग पंख एकाच अंगाला, दक्षिणेला.

पण सूर्यप्रकाशालाही दाब असतो. पृथ्वीपाशी तो एक चौरस किलोमीटरच्या काळ्या पडद्यावर साधारण अर्धा किलो वजनाएवढा भरतो. काही चौरस मीटरच्या पंखावर तो नगण्य वाटेल. भूस्थिर कक्षेत मात्र हवा नाही, घर्षण नाही, आणि तो दाब वर्षानुवर्षं एकाच अंगाला पडत राहतो. यान हळूहळू कलायला लागतं. कावडीच्या एका टोकाला घागर आणि दुसरं टोक रिकामं, अशी त्याची गत होते. तोल सावरायला छोटे रॉकेट-नळ पुन्हापुन्हा उडवावे लागतात आणि त्यांचं इंधन मोजकं असतं. तेव्हा रिकाम्या अंगाला एक लांब दांडी काढून तिच्या टोकावर सौर पाल लावायची, असं ठरलं. वीज बनवणं हे तिचं काम नव्हतं. उन्हाचा दाब झेलून तिने पंखाला पारडं द्यायचं होतं. दांडी लांब असल्यामुळे पाल लहान असली तरी चालते, आणि शीतकापासून दूर असल्यामुळे त्याला फारशी तापवतही नाही.

कागदावर सुरेख. इन्सॅट-१ए १० एप्रिल १९८२ रोजी डेल्टा रॉकेटने गेला. आधी एक अँटेना अडकली, ती खटपटीने सोडवली. सौर पाल मात्र उघडलीच नाही. तोल राखण्यात इंधन जळत गेलं आणि सप्टेंबर १९८२ मध्ये ते संपून उपग्रह सोडून द्यावा लागला. जेमतेम पाच महिन्यांचं आयुष्य.

तेव्हा एका यानावर तिघांचं ओझं टाकणं हीच चूक होती, असं म्हणायचा मोह सहज होईल. या लेखाचं मत तसं नाही. पाल उघडली नाही हा उलगडण्याच्या यंत्रणेचा दोष होता. पाल असावी हा विचार सकस होता. पुढचा इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस चॅलेंजर शटलमधून गेला. त्याचा सौर पंखही सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अडून बसला होता. तो एकदाचा उघडला आणि त्या उपग्रहाने सात वर्षं दूरदर्शन, टेलिफोन आणि हवामान असा तिहेरी भार वाहिला. त्याच्या हवामान कॅमेऱ्याची नजर दृश्य प्रकाशात पावणेतीन किलोमीटरची होती आणि अवरक्तात ११ किलोमीटरची. म्हणजे परभणी शहर आणि पिंगळी रात्रीच्या चित्रात शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांत, नाहीतर एकाच ठिपक्यात मावत असत. आज हे भरड वाटतं. पण त्याआधी भारताला स्वतःच्या उपग्रहातून चोवीस तास ढग पाहताच येत नव्हते.

त्या विचाराच्या सकसपणाचा आणखी एक पुरावा अमेरिकेत आहे. त्यांचे गोझ मालिकेतले पहिले सातही हवामान उपग्रह गरगरणारे होते. एप्रिल १९९४ मध्ये गेलेला गोझ-८ हा तीन अक्षांवर स्थिर असलेला पहिला. त्यालाही पंख एकाच अंगाला होता आणि दुसऱ्या अंगाला लांब दांडीवर सौर पाल. तो बांधणारी कंपनी फोर्ड एरोस्पेसचीच वारसदार होती. भारताच्या चार खात्यांच्या मागण्यांतून निघालेला आराखडा असा दहा-बारा वर्षांनी अमेरिकेच्या हवामान खात्याच्या कामी आला.

आणि भारत? भारत हळूहळू सोडून दिलेल्या पर्यायाकडे वळला. १९९२ चा इन्सॅट-२ए इस्रोने स्वतः बांधला, पण गोत्र तेच राहिलं. तिहेरी भार आणि पाल. १२ सप्टेंबर २००२ रोजी मात्र मेटसॅट गेला, फक्त हवामानासाठी. वजन सुमारे १,०६० किलो, आणि नेणारं रॉकेट आपलंच, पीएसएलव्ही. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या अपघातानंतर त्याला कल्पना चावला यांचं नाव मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेलेल्या इन्सॅट-३ए ने पुन्हा दोन्ही कामं एकत्र केली. काही काळ दोन्ही वाटा शेजारून चालत होत्या. नंतरचे इन्सॅट-३डी (२०१३), ३डीआर (२०१६) आणि ३डीएस (२०२४) हे हवामानालाच वाहिलेले आहेत.

हवामानासाठी वेगळं यान, हा पर्याय सत्तरच्या दशकात महाग होता. तेव्हा प्रत्येक उड्डाण परदेशातून विकत घ्यावं लागे आणि दोन यानं म्हणजे दोन उड्डाणं. २००२ मध्ये आपलं रॉकेट हाताशी होतं, टनभराचं यान त्यात बसत होतं, आणि सोडून दिलेला पर्याय परवडणारा झाला. त्याचे गुणदोष बदलले नव्हते, भोवतालची परिस्थिती बदलली होती. नाकारलेला पर्याय रद्दीत टाकायचा नसतो तो यासाठी. तो का नाकारला हे लिहून ठेवलं असेल तर ते कारण संपल्याबरोबर कोणीतरी तो पुन्हा उघडू शकतो. लिहिलं नसेल तर पुढची पिढी जुन्याच वाटेने जाते, कारण तशीच रीत आहे.

शीतकाच्या प्रश्नालाही पुढे निराळं उत्तर सापडलं. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला येतो आणि उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या शीतकावर ऊन पडतं. इन्सॅट-३डी वर्षातून दोनदा संपूर्ण यानच १८० अंशांत वळवून घेतो, म्हणजे शीतकाचं तोंड सूर्याच्या उलट गोलार्धाकडे राहतं. शोधक अधिक थंड राहतो, चित्र अधिक नितळ येतं. त्याच्या अवरक्त चित्रातला ठिपका आता चार किलोमीटरचा आहे. पिंगळीला परभणीपासून वेगळा ठिपका मिळाला, तो असा.

अभियंत्यांच्या भाषेत पर्याय तोलण्याच्या या कामाला ट्रेड स्टडी म्हणतात. पद्धत दिसायला सोपी आहे. निकष ठरवायचे: वजन, वीज, खर्च, मुदत, बिघाडाची शक्यता, विज्ञानाचा लाभ. प्रत्येक निकषाला महत्त्वाप्रमाणे गुण नेमायचे, प्रत्येक पर्याय त्यावर घासून पाहायचा. यान अजून कागदावर असतं, खर्च नाममात्र झालेला असतो, पण पुढच्या खर्चाचा मोठा हिस्सा याच दिवसांत बांधला जातो. कक्षा ठरली की रॉकेट ठरतं, रॉकेट ठरलं की वजन, वजन ठरलं की उपकरणं. नंतर एक गोष्ट हलवायची म्हटली तर दहा हलतात. म्हणून अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने १९९५ मध्ये आणि युरोपीय अवकाश संस्थेने १९९८ मध्ये असे कक्ष उभारले, जिथे वीज, उष्णता, कक्षा, दळणवळण आणि खर्च पाहणारे तज्ज्ञ एकाच खोलीत बसून काही आठवड्यांत अनेक आराखडे तपासतात.

धोका असतो तो गुण नेमण्यात. उत्तर आधी मनात धरायचं आणि मग ते पहिलं येईल असे गुण वाटायचे, हे कुठल्याही कार्यालयात घडू शकतं. आकड्यांच्या तक्त्याने पसंतीला शास्त्राचा पोशाख चढतो. त्यावर उपाय दोनच. गुण आधी ठरवून त्यावर सह्या घ्यायच्या, पर्यायांचे आकडे नंतर आणायचे. आणि शेवटी ते गुण थोडे हलवून पाहायचं. जरासा फरक करताच पहिला पर्याय तिसरा होत असेल, तर निवड झालीच नाही असं समजून पुन्हा बसायचं.

ही शिस्त फक्त मोठ्या प्रकल्पांची नाही. २०१६ या एका वर्षात महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांचे दोन उपग्रह अवकाशात गेले. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ २२ जूनला, मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’ २६ सप्टेंबरला, दोन्ही पीएसएलव्हीने. दोघांपुढे प्रश्न एकच होता, यानाची दिशा कशी राखायची? ‘स्वयम्’ किलोभर वजनाचा, हातात मावेल एवढा. त्याचं काम होतं हौशी रेडिओच्या लहरींवर एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी पोचवणं. त्याच्या विद्यार्थ्यांनी आत कायमचे चुंबक बसवले. होकायंत्राच्या सुईसारखं यान पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतं, आणि खास धातूच्या पट्ट्या त्याचं डोलणं शमवतात. वीज लागत नाही, संगणक लागत नाही, बिघडण्यासारखं काही नाही. यान हवं तिकडे वळवता येत नाही, पण निरोप्याला तशी गरजही नव्हती.

‘प्रथम’ सुमारे दहा किलोचा. तो आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांची मोजणी करणार होता, आणि ती मोजणी रेडिओ लहरीचं प्रतल वाटेत किती फिरलं यावरून होते. निघताना लहर कोणत्या दिशेला होती हेच माहीत नसेल तर मोजमापाला अर्थ नाही. म्हणून तिथे विजेवर चालणारी चुंबकीय वेटोळी, सूर्यसंवेदक, चुंबकत्वमापक आणि ते सगळं चालवणारी आज्ञावली आली. पुण्याचं उत्तर मुंबईला चाललं नसतं आणि मुंबईचं पुण्याला भारी पडलं असतं. एकाच शेजारात, एकाच वर्षी, एकाच प्रश्नाची दोन्ही बरोबर उत्तरं. अभियांत्रिकीच्या वर्गात यापेक्षा चांगला धडा कुठून आणायचा?

आणि तरी वर्गात काय होतं? प्रकल्प अहवालात निवडलेल्या रचनेची चाळीस पानं असतात आणि सोडलेल्या रचनांची एक ओळ, किंवा तीही नाही. तोंडी परीक्षेत ‘हेच का?’ असं विचारलं जातं, ‘ते का नाही?’ हे क्वचित. विद्यार्थी उपग्रहाला बरीच वर्षं लागू शकतात. ‘प्रथम’ची कल्पना २००७ ची आणि उड्डाण २०१६ चं. एवढ्या काळात विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडतात. पहिल्या तुकडीने अमुक बॅटरी का नाकारली हे लिहून ठेवलं नाही, तर चौथी तुकडी तीच बॅटरी पुन्हा आणते आणि तीच चूक पुन्हा करते.

पर्याय बदलण्याची हिंमतही या नोंदींतूनच येते. सूर्याकडे पाहणारा इस्रोचा आदित्य मुळात सुमारे ४०० किलोचा लहान उपग्रह होता. पृथ्वीपासून ८०० किलोमीटरवर फिरत एकाच उपकरणाने सूर्याचं प्रभामंडळ पाहायचं, एवढंच त्याचं काम. नंतर ठरलं की पंधरा लाख किलोमीटर दूर, एल-१ बिंदूपाशी जायचं. तिथून सूर्य अखंड दिसतो आणि सौरवाऱ्याचे कण थेट मोजता येतात. एका उपकरणाची सात झाली. त्यांतली सूर्याची अतिनील चित्रं घेणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या पुढाकाराने घडली. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश हे तिचे प्रमुख शास्त्रज्ञ. प्रवास लांबला, काम अवघड झालं, वर्षं वाढली. २ सप्टेंबर २०२३ ला यान निघालं आणि ६ जानेवारी २०२४ ला ठरल्या जागी पोचलं. जुन्या आराखड्याला चिकटून राहिलं असतं तर यान कदाचित लवकर गेलं असतं, पण त्याला सूर्य असा सलग पाहता आला नसता.

एकत्र की वेगळं, हा इन्सॅटचा प्रश्न इतरांनाही सुटलेला नाही. अमेरिकेत रडार आणि लेसर दोन्ही घेऊन जाणारी एक मोहीम २००७ पासून आखली जात होती. खर्च झेपेना. शेवटी लेसर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेलं, आणि रडारने इस्रोशी जोडी जमवली. तोच निसार, ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला. त्याचं रडार ढगांतून आरपार पाहतं आणि बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतं. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये, पिंगळीचं सोयाबीन शेतात उभं असताना, साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला मराठवाड्यावर बहुधा ढगच दिसतात. रडारची किंमत इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पर्याय चाळत बसलं तर यान कधी उडणार? खरं आहे. तुलनेला मुदत हवी, एका ठरल्या तारखेला आराखडा गोठवायला हवा, आणि त्यानंतर मनाची चलबिचल नको. नोंद ठेवल्याने मात्र यान एक दिवसही लांबत नाही. दुसरा आक्षेप गोपनीयतेचा. संरक्षणाच्या उपग्रहांबाबत तो मान्य. पण हवामानाचा, सूर्याचा किंवा पिकांचा उपग्रह जनतेच्या पैशाने जनतेसाठी उडतो. त्याचं ठरलेलं आयुष्य संपल्यावर तरी, कोणते आराखडे समोर होते आणि कोणत्या कारणाने ते बाजूला ठेवले, याचं एक सुबोध पुस्तक इस्रोने काढावं. आपल्या विद्यार्थ्यांना पर्यायांची ही तुलना आज बहुतांशी परदेशी मोहिमांच्या अहवालांतून शिकावी लागते, आणि घरच्या इन्सॅटची गोष्ट इकडून तिकडून गोळा करावी लागते.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना तेवढी वाट पाहायचं कारण नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला शंभर गुण असतील, तर त्यांतले पंचवीस नाकारलेल्या पर्यायांच्या नोंदीला द्यावेत. परभणीच्या कृषी विद्यापीठातच कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे आणि हवामान सल्ला देणारी मंडळीही आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी उपग्रह बांधायची गरज नाही. पिंगळी शिवाराच्या मातीतला ओलावा पेरणीच्या दिवसांत दर आठवड्याला कळायचा असेल तर रडार हवं की अवरक्त कॅमेरा, एक मोठं यान की चार लहान, की उपग्रहाऐवजी शेतातले संवेदकच पुरतील, एवढाच प्रश्न त्यांना एका सत्रासाठी द्यावा. निकषांचे गुण ठरवायच्या बैठकीला त्याच शिवारातले दोन-चार शेतकरी बोलवावेत. इन्सॅटच्या टेबलाभोवती चार खाती होती, शेतकऱ्याची बाजू हवामान खात्याने मांडायची होती. या टेबलाशी तो स्वतः बसू शकतो, आणि ओलावा कळायला एक दिवस उशीर झाला तर काय बिघडतं, या निकषाला किती गुण द्यायचे हे त्याच्याइतकं नेमकं कोणालाच सांगता येणार नाही.